कॉम्प्युटर लॅबमधल्या जुन्या मशिनी भंगारात काढायच्या की एका सर्व्हरला जोडायच्या?

कसबा_बावडेकर

आमच्या भागातल्या एका अनुदानित हायस्कूलच्या समितीवर मी पालक म्हणून आहे. लॅबमध्ये वीस मशिनी आहेत, चौथ्या पिढीचे आय-थ्री, ४ जीबी रॅम. विंडोज १० ची मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाली. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. यातली एकही मशीन त्यात बसत नाही. समितीपुढे कोटेशन आलंय ते थेट वीस नव्या मशिनींचं. चालू यंत्रं भंगारात घालणं मला अजिबात पटत नाही.

माझा प्रस्ताव असा. एकच दणकट सर्व्हर (सगळ्यांचं काम सांभाळणारा मोठा कॉम्प्युटर) घ्यायचा, ६४ जीबी रॅमचा. त्यावर प्रॉक्समॉक्स टाकायचं, म्हणजे एका यंत्रात अनेक व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरनं बनवलेले कॉम्प्युटर) चालवणारं सॉफ्टवेअर. ते फुकट मिळतं आणि लिनक्स या विंडोजसारख्या पण फुकट ऑपरेटिंग सिस्टीममधल्या केव्हीएम या सोयीवर चालतं. त्यात प्रत्येक मुलासाठी २ जीबीचं लिनक्सचं व्हर्च्युअल मशीन. वीस जणांचे ४० जीबी झाले, उरलेले सर्व्हरला स्वतःला पुरतात. जुन्या मशिनींनी फक्त स्क्रीन दाखवायची आणि कीबोर्ड-माउस सांभाळायचे.

खरा फायदा देखभालीत आहे. आज एखादा मुलगा पेनड्राइव्ह लावतो, फोल्डर गायब होतात आणि त्यांच्या जागी एकेक केबीचे शॉर्टकट दिसायला लागतात. मग कोणीतरी येऊन फॉरमॅट मारेपर्यंत ती मशीन कव्हर घालून पडून राहते. व्हर्च्युअल मशीनचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) घेतलेला असला की तास संपल्यावर मागे जायचं, सगळं जसंच्या तसं. लॅब रोज उघडी राहावी एवढंच मला हवंय. मतं सांगा, विरोधातली आधी सांगा.

राजारामपुरी_हार्डवेअर

विरोधातलं मी सांगतो, शाळांची एएमसी (वर्षभराच्या देखभालीचं कंत्राट) हेच माझं काम आहे. आज वीसपैकी तीन बंद पडल्या तर सतरा चालतात. तुमच्या योजनेत सर्व्हरचा एसएमपीएस (आतला वीजपुरवठ्याचा भाग) उडाला की वीसच्या वीस बंद, आणि लॅबमध्ये पोरं हाताची घडी घालून बसलेली. एका सर्व्हरवर भागत नाही, दुसरा तयार ठेवावा लागतो. तो खर्च तुमच्या हिशेबात कुठंय?

दुसरं म्हणजे व्हिडिओ. बाईंनी वीस जणांना एकदम एखादा धडा बघायला लावला की चित्र अडकत अडकत चालणार. व्हिडिओ उलगडायचं काम वीस जणांसाठी सर्व्हरचा एकटा प्रोसेसर करणार, वर ते चित्र नेटवर्कवरून ढकलणार. मशिनी जोडणारा नेटवर्क स्विच १०० एमबीपीएसचा असेल तर विचारूच नका. आणि त्याच वेळी मुलांच्या पुढ्यातले वीस आय-थ्री रिकामे बसलेले. जे विकत घेतलंय ते वापरायचं नाही, याला बचत कसं म्हणायचं?

मंगळवार_पेठ_पालक

पोरांना लिनक्स कशाला? एमएस-सीआयटीला विंडोजच आहे, नोकरीतही विंडोजच आहे. सर्व्हरवर विंडोजच टाका की.

कसबा_बावडेकर

@मंगळवार_पेठ_पालक, तिथे लायसन्स आडवं येतं. डब्याबरोबर आलेलं ओईएम लायसन्स त्या डब्यापुरतंच असतं. विंडोजचा डेस्कटॉप सर्व्हरवर ठेवून दुसऱ्या यंत्रावरून वापरायचा तर मायक्रोसॉफ्ट त्याचे वेगळे पैसे मागतं. लिनक्सची भीती बाळगायचं कारण नाही. केरळच्या सरकारी शाळा कितीतरी वर्षं लिनक्सवर चालतात, तिथली पोरं कुठं अडली? स्प्रेडशीटमधली बेरीज दोन्हीकडे सारखीच येते.

@राजारामपुरी_हार्डवेअर, सर्व्हर बंद पडण्याची भीती बरोबर आहे. पण वीस हार्डडिस्क, वीस विंडोज, वीस अँटिव्हायरस सांभाळण्यापेक्षा एक सर्व्हर सांभाळणं सोपं, यावर मी ठाम आहे. वीज गेली तर एका सर्व्हरला यूपीएस देता येतो, वीस मशिनींना कोण देणार?

राजारामपुरी_हार्डवेअर

सर्व्हर यूपीएसवर, आणि मुलांच्या पुढचे स्क्रीन कशावर? ते गेलेच की. यूपीएसमुळे सर्व्हर नीट बंद करता येईल, तास काही चालणार नाही.

गगनबावडा_शिक्षिका

तुम्ही सगळे शहरातले. आमच्याकडे पावसाळ्यात लाइट कधी जाईल आणि येताना किती व्होल्टेज घेऊन येईल याचा नेम नसतो. अर्थिंग नीट नसलं तर विजेच्या एका कडकडाटात स्विचचे पोर्ट जळतात. एएमसीवाला घाट चढून यायला आठवडा लावतो. अशा ठिकाणी पाच मशिनी वेगवेगळ्या असल्या की त्यातल्या दोन तरी चालू सापडतात. तेवढ्यावर मी तास घेते, चौघी-चौघी मुली एका मशीनवर. सगळं एका पेटीत कोंडलं तर माझ्या हातात काहीच उरणार नाही.

शिवाय हा सर्व्हर सांभाळणार कोण? कॉम्प्युटरचे सर कंत्राटावर येतात आणि करार संपला की जातात. पासवर्ड त्यांच्याबरोबर जातो. फॉरमॅट कसं मारायचं ते गावातल्या दोन-तीन पोरांना येतं, प्रॉक्समॉक्स कोणाला येतंय? यंत्र आणून बसवणारे पुष्कळ भेटले, ते शिकवून जाणारं कोणी भेटलं नाही. समितीच्या ठरावात हा मुद्दा पहिला हवा, रॅम किती ते नंतर.

शिरोळकर

मॅडमचं खरं आहे, पण एक बाजू राहिली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैत पंचगंगेच्या पुरानं काय केलं ते आपण बघितलंय. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांच्या धोका पातळीकडे निघालं की आपण आधी माणसं हलवतो, जनावरं हलवतो; शाळेच्या मशिनी कोण हलवतंय? निकाल, हजेरी, दाखले, सगळं ऑफिसातल्या एका कॉम्प्युटरवर. त्या कामाला तरी व्हर्च्युअल मशीन पाहिजेच. अख्खं मशीन, आतल्या सॉफ्टवेअरसकट, एका बॅकअप फाइलमध्ये मावतं. ती पोर्टेबल हार्डडिस्कवर घ्यायची आणि घेऊन निघायचं. पाणी उतरल्यावर दुसऱ्या कुठल्याही धड यंत्रावर ती पुन्हा उभी करता येते. लॅबचं काय ते ठरवा, ऑफिसच्या बाबतीत मला यात वादच दिसत नाही.

आयटी_ज्युनिअर_कॉलेज

अकरावी-बारावीला आयटी शिकवतो. इथं सगळे व्हर्च्युअल मशीन म्हणजे देखभालीचं साधन समजून बोलताहेत. माझ्या लेखी ती शिकायची गोष्ट आहे. प्रत्येक मशीनवर व्हर्च्युअलबॉक्स (व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) टाका आणि पोरांना आत दोन छोटी लिनक्स उभी करू द्या. ग्राफिक नसलेलं डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार) अर्ध्या जीबीतही चालतं, तुमच्या ४ जीबीत दोन आरामात बसतात. एकाला डीएचसीपी सर्व्हर (इतरांना आयपी म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता वाटणारा) करायचं, दुसऱ्याला त्याच्याकडून आयपी घ्यायला लावायचं, मग मुद्दाम बिघडवायचं. पुस्तकातली नेटवर्कची आकृती पोरांना तेव्हा कळते. खऱ्या लॅबमध्ये सर्व्हर बिघडवायची परवानगी मी कोणाला देईन?

करणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. व्हर्च्युअलबॉक्सच्या यादीत फक्त ३२ बिटचे पर्याय दिसले तर बहुतेक वेळा बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) व्हीटी-एक्स ही व्हर्च्युअल मशीनसाठीची प्रोसेसरची सोय बंद असते, ते चालू करा. आणि नेटवर्क ‘इंटर्नल’ (फक्त व्हर्च्युअल मशिनींपुरतं) ठेवा. एखाद्यानं ‘ब्रिज्ड’ (शाळेच्या खऱ्या नेटवर्कला जोडलेलं) ठेवून डीएचसीपी चालू केलं तर ऑफिसातल्या मशिनीसुद्धा त्या पोराकडून आयपी घेत बसतात, आणि क्लार्कचं नेट का बंद पडलं ते शोधण्यात सकाळ जाते.

म्हणून पोरांच्या पुढची मशीन नुसती स्क्रीन करून टाकायला माझा विरोध आहे. तिचं झाकण उघडून रॅम कुठे, डिस्क कुठे हे दाखवता आलं पाहिजे.

लिनक्सवाला_कागल

बावडेकर सर, तुमचं दुखणं आणि राजारामपुरीकरांचं उत्तर यांचा मेळ बसतो. एलटीएसपी बघा, एका सर्व्हरवरून अनेक मशिनी चालवायचं लिनक्सचं सॉफ्टवेअर. १९९९ पासून आहे, शाळांमध्ये भरपूर वापरलंय. पूर्वी सगळं काम सर्व्हर करायचा. आताच्या आवृत्तीत मशीन नेटवर्कवरून बूट होते, पण प्रोग्राम तिच्याच प्रोसेसरवर आणि रॅमवर चालतात. सर्व्हर फक्त एक इमेज (तयार सिस्टीमची फाइल) वाटतो. तुमचे आय-थ्री कामाला लागले, व्हिडिओचा प्रश्न मिटला, ६४ जीबीची गरज उरली नाही. आणि ही इमेज तयार करायला एक व्हर्च्युअल मशीनच वापरता येतं. त्यात स्क्रॅच टाका, लिब्रेऑफिस टाका, मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड लावा, इमेज काढा. मशीन बंद करून चालू केली की मुलांनी केलेला सगळा घोळ पुसलेला. फायली तेवढ्या सर्व्हरवरच्या होम फोल्डरमध्ये राहतात.

राजारामपुरी_हार्डवेअर

हे जमण्यासारखं आहे. पण डिस्कवरचं विंडोज पुसू नका. सर्व्हर पडला तर त्या दिवशी त्याच डिस्कवरून मशीन चालू करता येईल, म्हणजे गगनबावड्याच्या मॅडमचा मुद्दा थोडा तरी सुटतो. विंडोज १० साठी मायक्रोसॉफ्टनं शाळांना वाढीव अपडेट ठेवलंय: पहिल्या वर्षी मशीनमागे १ डॉलर, दुसऱ्या वर्षी २, तिसऱ्या वर्षी ४. वीस मशिनींचे तीन वर्षांचे १४० डॉलर होतात. समितीला हा आकडा त्या कोटेशनशेजारी मांडून दाखवा.

गगनबावडा_शिक्षिका

थोडा सुटतो, पूर्ण नाही. इमेज कशी काढायची, सर्व्हर कसा चालू-बंद करायचा हे मराठीत एका कागदावर लिहून लॅबच्या भिंतीला लावणार असाल आणि पासवर्ड मुख्याध्यापकांच्या कपाटात बंद पाकिटात राहणार असेल, तरच मी हो म्हणेन. शहरातल्या शाळेलाही हीच अट घाला.

कसबा_बावडेकर

पाकिटाची आणि कागदाची अट ठरावात घालतो. वीस जणांचे डेस्कटॉप सर्व्हरवर चालवायचा आग्रह सोडून एलटीएसपी मांडतो. शिरोळकरांनी सांगितल्याप्रमाणे ऑफिसचं काम मात्र प्रॉक्समॉक्सवर नेणारच. राजारामपुरीकर, साधा आय-फाइव्ह आणि १६ जीबी रॅम वीस मशिनींना इमेज वाटायला पुरेल का?

राजारामपुरी_हार्डवेअर

पुरेल. आधी लॅबमधल्या स्विचचा मॉडेल नंबर टाका इथे. १०० एमबीपीएसचा निघाला तर पहिला खर्च तोच.