सल्ला हवा: तापून बंद पडणारा पीएस४, दुरुस्ती किती दिवस टिकते?

देवगड_बंदर

नमस्कार. आमच्या घरी २०१६ साली घेतलेला पीएस४ (टीव्हीला जोडून गेम खेळायचा सोनीचा कन्सोल) आहे, पहिला जाडा प्रकार, सीयूएच-१२०० मालिकेतला. गेल्या वर्षापासून पंखा मोठ्याने ओरडायचा. एप्रिलपासून अर्ध्या तासात 'फार तापला आहे' असा संदेश येतो आणि तो आपोआप बंद होतो. तासाभराने पुन्हा सुरू होतो.

एका दुकानात नेला. त्यांनी न उघडताच सांगितलं, आतली मुख्य चिप बोर्डापासून सुटली आहे, गरम करून बसवून देतो, २५०० रुपये, गॅरंटी १ महिना. १ महिना ऐकल्यावर मी तशीच परत घेऊन आले. आमच्याच वाडीतल्या एकाने असं काम गणपतीत करून घेतलं होतं, दिवाळीला पुन्हा बंद पडला.

मुलगा नववीत आहे. त्याने दोन वर्षांचे पाडव्याचे आणि भाऊबीजेचे पैसे साठवून गेम घेतलेत, म्हणून टाकून द्यायला मन होत नाही. हे काम खरंच टिकतं का? टिकत नसेल तर दुसरं काय करायचं? कणकवली, कुडाळ, रत्नागिरी, गरज पडली तर कोल्हापूरलाही जायची तयारी आहे.

मालवणी_खाजा

ताई, गरम करून देणाऱ्यांका पैसे देऊ नकात. माझो स्वतःचो अनुभव सांगतंय. माझ्या जुन्या कन्सोलची चिप तीनदा गरम करून घेतली. पहिल्यांदा चार महिने चालला, दुसऱ्यांदा पाच आठवडे, तिसऱ्यांदा रविवारी आणला आणि बुधवारी गेला. तिन्ही वेळा पैसे दिले. त्या पैशांत वापरलेला दुसरा आला असता.

खाडीपलीकडे

मी रत्नागिरीत दुरुस्तीचंच काम करतो. ताई, आधी तीन गोष्टी सांगा. थंड असताना सुरू केल्यावर चित्र व्यवस्थित येतं का? बंद होताना दिवा कोणत्या रंगाचा असतो? आणि यंत्र ठेवलंय कुठे?

देवगड_बंदर

चित्र एकदम स्वच्छ येतं. बंद होताना दिवा लाल. ठेवलाय टीव्हीखालच्या शोकेसमध्ये, काचेचं दार आहे, धूळ नको म्हणून लावूनच ठेवतो. खोली पडवीला लागून आहे. मार्च ते मे आमच्या पडवीत आंब्याच्या पेट्या भरायचं काम चालतं.

खाडीपलीकडे

मग तुमची चिप सुटलेली नाही. जरा सविस्तर लिहितो, कारण या दोन आजारांची सरमिसळ करून बऱ्याच लोकांचे पैसे जातात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

पहिला आजार थंडाव्याचा. यंत्र सुरू होतं, खेळ चालतो, तापतं, लाल दिवा लावून स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतं, निवलं की पुन्हा चालतं. याचा अर्थ चिप शाबूत आहे, फक्त तिची उष्णता बाहेर पडत नाही. दुसरा आजार जोडणीचा. थंड असतानाही चित्र येत नाही, निळा दिवा लुकलुकत राहतो आणि यंत्र बंद होतं. (निळ्या दिव्यामागे हार्ड डिस्क, पॉवर सप्लाय किंवा एचडीएमआयचं पोर्टही असू शकतं, तेव्हा तो दिसला म्हणून लगेच चिपला दोष देऊ नये.) तुमचा आजार पहिला. त्यावर चिप भाजणं म्हणजे पडशावर ऑपरेशन.

आता गरम करण्याचं काम का टिकत नाही ते. बिनशिशाचं डाख साधारण २१७ अंशाला वितळतं. हीटगन मारणारे बरेचजण तिथवर नीट पोचतच नाहीत, आणि पोचले तरी तुटलेली जागा बहुतेकदा चिपखालच्या गोळ्यांत नसते, ती चिपच्या पोटात असते. सिलिकॉनचा तुकडा ज्या हिरव्या पट्टीवर बसवलेला असतो, त्या दोघांमधल्या अतिसूक्ष्म टेकूंत. उष्णतेने ते थोडे फुगतात, तुटलेली टोकं एकमेकांना टेकतात आणि चित्र येतं. जोड मात्र बसलेला नसतो. रोज तापणं-निवणं सुरू झालं की टोकं पुन्हा दूर होतात. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० कन्सोलवर बिघाड झाला की लाल वर्तुळ पेटायचं, त्याचं हेच झालं होतं. २००५ मध्ये ते यंत्र आलं आणि २००७ च्या जुलैत मायक्रोसॉफ्टला त्या दोषासाठी वॉरंटी ३ वर्षांपर्यंत वाढवून १०० कोटी डॉलरच्या वर रक्कम बाजूला काढावी लागली. तेव्हा लोक यंत्राला टॉवेल गुंडाळून मुद्दाम तापवायचे. काही दिवस चालायचंही. कृपा करून कुणी ते करू नका, आग लागू शकते.

आंबाघाट

वरच्या प्रतिसादाशी बहुतांश सहमत, पण एक सांगतो. कोल्हापुरात मी चिप उतरवून खालचे गोळे नवे बसवून घेतले, म्हणजे रीबॉलिंग. त्याला तीन वर्षं झाली, अजून चालू आहे. तेव्हा सगळंच फुकट म्हणता येणार नाही.

खाडीपलीकडे

बरोबर आहे तुमचं. तुटलेली जागा खालच्या गोळ्यांतच असेल आणि कारागिराकडे नीट मशीन असेल तर रीबॉलिंग टिकतं. पोटातच तुटलं असेल तर नवे गोळे बसवूनही काही महिन्यांत जातं. आधी कळायला मार्ग नाही, म्हणून मी गिऱ्हाईकाला ते स्पष्ट सांगूनच हातात घेतो. ताईंना मात्र यातलं काहीच लागणार नाही.

ताई, तुमचं काम असं. यंत्र उघडून पंखा आणि त्याच्या पुढची धातूची जाळी साफ करणं, चिपवरची वाळलेली थर्मल पेस्ट (चिपची उष्णता वरच्या धातूत पोचवणारा लेप) पुसून नवी लावणं. जुनी पेस्ट ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची. नवी पेस्ट वीज न वाहणारी घ्या, आर्क्टिकची एमएक्स-४ पुरते. चिपचा चकाकणारा भाग पूर्ण झाकेल असा पातळ थर द्यायचा. मेमरीवरच्या मऊ गाद्या फाटल्या नसतील तर तशाच ठेवा.

आणि गॅरेजमधल्या कॉम्प्रेसरने हवा मारून घेऊ नका. आपल्याकडे हे सर्रास करतात. त्या टाकीत पाणी साठलेलं असतं, ते थेट बोर्डावर जातं. ब्रश आणि हातपंप पुरे. पंख्यावर हवा मारताना पातं बोटाने धरून ठेवा.

वेळा_आणि_वारा

किती दिवस टिकतं हा मूळ प्रश्न राहिला. पुण्यातले मित्र म्हणतात, पेस्ट एकदा बदलली की चार वर्षं बघायचं नाही. आमच्या गुहागरात माझं दोन वर्षांतच पुन्हा सुरू झालं. असं का?

खाडीपलीकडे

कारण आपला समुद्र. वाऱ्याबरोबर आलेलं मीठ धुळीत मिसळून आत बसतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून घेऊन ओलं होतं, आणि पावसाळ्यात आपल्याकडे ती बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. मग जाळीतली कोरडी धूळ चिखलासारखी चिकटते. ती फुंकून जात नाही, स्क्रूही गंजतात. त्यात यंत्राची अधिकृत मर्यादा खोलीतल्या ३५ अंशांची. मे महिन्यात स्लॅबच्या घरात, तेही बंद शोकेसमध्ये, आपण ती आधीच ओलांडलेली असते.

माझ्याकडे येणाऱ्या यंत्रांवरून सांगतो. किनाऱ्यालगतच्या घरात साफसफाई वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर. पेस्ट दोन ते तीन वर्षांनी. एवढं पाळलं तर यंत्र वर्षानुवर्षं चालतं. कारागिराने पेस्टच्या कामाला किमान सहा महिने गॅरंटी द्यायला हवी, देत नसेल तर उठून या. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास चालू करा, आतली ओल सुकते. आणि काचेचं दार आजच काढा. मागून गरम हवा बाहेर पडते, तिथे वीतभर मोकळी जागा हवी.

मालवणी_खाजा

माझ्याकडे आता पीएस५ आहे. त्यालाही हेच करायचं का?

खाडीपलीकडे

बाहेरची धूळ काढा, झाकण उघडून पंखाही साफ करा. पण चिपवरचा धातूचा ठोकळा अजिबात उचलू नका. तिथे पेस्टऐवजी द्रवरूप धातू आहे. तो वीज वाहून नेतो, एक थेंब बाजूला गेला तर बोर्ड जातो.

देवगड_बंदर

सर्वांचे मनापासून आभार. काय झालं ते लिहिते.

शोकेसचं दार त्याच दिवशी काढलं. तेवढ्यानेच अर्ध्या तासाचा सव्वा तास झाला. मग माझ्या भावाने पुण्याहून पेस्ट आणि चांदणीसारख्या टोकाचा, मधे भोक असलेला टी८ स्क्रूड्रायव्हर आणला, आणि आम्ही तिघांनी जेवणाच्या टेबलावर जुनी चादर पसरून उघडला. मुलाने प्रत्येक स्क्रू कागदावर चित्र काढून त्याच्या जागी चिकटवला. पॉवर सप्लाय काढल्यावर जाळी दिसली, म्हणजे जाळी दिसलीच नाही. पेंढ्याची बारीक कुसळं आणि धूळ यांची नमद्यासारखी करडी पट्टी होती, चिमट्याने धरली तर अख्खी उचलून आली. आमच्या आंब्याच्या पेट्यांचा पेंढा! मी इतकी वर्षं तो पंखा बिघडलाय समजत होते. पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती.

पूर्ण काम चार तास चाललं. पहिल्यांदा सुरू केला तेव्हा काहीच आवाज आला नाही, म्हणून आम्हाला वाटलं पंख्याची वायर जोडायची राहिली. हात मागे धरून बघितलं तर वारा येत होता.

आता सात आठवडे झाले. एकदाही बंद पडला नाही. आता तो माजघरात उघड्या फळीवर आहे. खर्च ७०० रुपयांच्या आत. दसऱ्यानंतर पुन्हा उघडून आत किती धूळ बसली ते बघणार आहे, तेव्हा इथे लिहीनच.

वेळा_आणि_वारा

वाचून फार बरं वाटलं. तो भोकवाला टी८ इकडे कुठे मिळेल? चिपळूणला दोन हार्डवेअरच्या दुकानांत विचारलं, साधाच दाखवतात.

देवगड_बंदर

माझ्याकडचा दसऱ्यापर्यंत नुसता पडूनच आहे. भाऊ शनिवारी एसटीने परत पुण्याला निघालाय, गाडी चिपळूणवरून आहे का विचारते. असेल तर स्टँडवर या, तो तुमच्या हातात देईल. काम झालं की पोस्टाने पाठवा.