बर्लिनचं डीडीआर म्युझियम: रोजचं जगणं दाखवता दाखवता हुकूमशाही गोड होते का?

तिखटमीठ:
बर्लिनला निघालेल्या प्रत्येकाला कुणीतरी श्प्रे नदीकाठचं डीडीआर म्युझियम सुचवतंच. डीडीआर म्हणजे जुनी कम्युनिस्ट पूर्व जर्मनी. 2006 साली उघडलेलं, खासगी, सरकारी अनुदान न घेणारं. खण ओढा, कपाटं उघडा, ट्राबान्ट या तिथल्या छोट्या गाडीत बसून पडद्यावरच्या वसाहतीतून गाडी हाका. माझा आक्षेप नेमका याच हात लावून बघण्याला आहे. 1989 साली जेमतेम 1 कोटी 64 लाख लोकांच्या देशात श्टाझीचे, म्हणजे गुप्त पोलिसांचे, सुमारे 91,000 पगारी नोकर होते, खबरे वेगळेच. हा आकडा हाताळता येत नाही, स्टीअरिंग येतं. मग लोक काय लक्षात ठेवून बाहेर पडणार? पाळणाघरातलं पॉटीचं बाकडं, झालंच तर नागड्यांचा समुद्रकिनारा. चौकशीची खोली आणि कोठडी आहे तिथे, पण तोवर माणूस जत्रेत शिरलेला असतो.

गिअरबॉक्स:
बाकड्याचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. सगळी पोरं एका ओळीत, एकाच वेळी, शेवटचं उठेपर्यंत कुणी उठायचं नाही. ही व्यवस्था समजावायला याहून चांगली वस्तू कुठली आणणार?

ट्राबान्टचंही तसंच. सिम्युलेटर खेळच आहे, मान्य. पण गाडी खरी पी 601 आहे, तेव्हा तिच्यात बसल्यावर पडदा सोडून गाडी बघा. दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, 26 अश्वशक्ती. पेट्रोल ओढणारा पंप नाही. टाकी इंजिनाच्या वर, पेट्रोल आपलं आपण खाली उतरतं. म्हणून डॅशबोर्डखाली तोटी: बंद, चालू, राखीव. बहुतेक गाड्यांना इंधनाचा काटाच नव्हता, बॉनेट उघडून टाकीत पट्टी बुडवायची. ऑइल पेट्रोलमध्येच, 1:50, म्हणजे 20 लिटरला 400 मिली. उतारावर पाय उचलला की पेट्रोल कमी, पर्यायाने ऑइलही कमी, आणि इंजिन जाम व्हायची भीती. त्यावर उपाय म्हणून चौथ्या गिअरला फ्रीव्हील, म्हणजे पाय उचलला की चाकं इंजिनाला ओढत नाहीत. बाहेरचे पत्रे कापसाचा टाकाऊ धागा आणि राळ दाबून केलेले, कारण पोलादी पत्रा मिळत नव्हता. 1964 चं हे मॉडेल फारसं न बदलता अगदी शेवटापर्यंत निघत राहिलं, आणि नव्या गाडीसाठी दहा-दहा वर्षं थांबावं लागे. तुमचा आकडा मोठा आहे, पण टंचाई कशी चालते ते ही तोटीच सांगते.

तिखटमीठ:
सांगते, पण तुमच्यासारख्याला. तोटी कशासाठी हे ठाऊक नसलेला माणूस फोटो काढतो आणि पुढे जातो.

जुनी_पाटी:
हा वाद जर्मनीत होऊन गेला आहे. म्युझियम उघडलं त्याच 2006 साली इतिहासकार मार्टिन झाब्रो यांच्या तज्ज्ञ समितीने सांगितलं, की स्मारकांतून दडपशाहीइतकंच लोकांचं जगणंही दाखवा. त्यावर पुष्कळ जण उखडले. त्यांना यात हुकूमशाहीला घरगुती करण्याचा डाव दिसला. पुढे 2013 मध्ये प्रेन्झलाउअर बेर्गमधल्या जुन्या बिअर कारखान्यात, कुल्टूरब्राउएरायमध्ये, सरकारी पैशातून ‘पूर्व जर्मनीतलं रोजचं जगणं’ हे कायमचं प्रदर्शन उभं राहिलं. प्रवेश फुकट. छपरावर तंबू बांधलेली ट्राबान्ट तिथेही आहे, पण कारखाना, पक्ष आणि कुटुंब एकमेकांत कसे गुंतले होते ते नीट लावून दाखवलंय. माझं मत त्याच्या बाजूने. मुलं मात्र कंटाळतात.

दळणकांडण:
मला दोन्ही बाजू अर्धवट वाटतात. वस्तू बोलतात, पण किंमत वाचली तर. पूर्व जर्मन मालावर ‘ईव्हीपी’ ही अक्षरं आणि पुढे आकडा छापलेला असे. सरकारने ठरवलेला किरकोळ भाव, देशभर एकच. छोटा पाव 5 फेनिग (100 फेनिगचा एक मार्क), आणि ‘रोंडो’ कॉफीचं 125 ग्रॅमचं पुडकं 8 मार्क 75. म्हणजे किलोला 70 मार्क! पोट भरणं स्वस्त, जिभेचे चोचले महाग. हे गणित कळलं की स्वयंपाकघरातला प्रत्येक डबा वेगळा दिसायला लागतो.

1977 चं कॉफी संकट घ्या. ब्राझीलमध्ये 1975 ला गोठवणारी थंडी पडून पीक गेलं, जागतिक भाव भडकले, परकीय चलन नाही. सरकारने ‘काफे-मिक्स’ काढली: 51 टक्के कॉफी, उरलेल्यात चिकोरी, राय, वाटाण्याचं पीठ असलं काहीबाही. हॉटेलांतल्या यंत्रांत ते पीठ फुगून चाळण्या तुंबायच्या. लोकांनी देशाचा सर्वेसर्वा एरिश होनेकर याच्या नावाने तिला ‘एरिशचा राज्याभिषेक’ म्हणायला सुरुवात केली, पश्चिमेकडच्या एका नामांकित कॉफीच्या नावाची टर उडवत. तक्रारींचा एवढा पाऊस पडला, की सरकारला माघार घ्यावी लागली. चौकशीच्या खोलीत हे कुठे दिसणार? तिथे लोक फक्त बळी असतात.

तिखटमीठ:
हा मुद्दा मानला. पण मग हे गणित भिंतीवर मोठ्या अक्षरांत हवं, खणात दडवून नको. आणि बाहेर पडताना दुकानात ट्राबान्टच्या चाव्यांच्या साखळ्या विकायच्या, हे काही मला पटणार नाही.

गिअरबॉक्स:
अनुदान नसेल तर साखळ्या विकाव्याच लागतात. आणि खण उघडल्यावर मिळालेलं जास्त लक्षात राहतं, भिंती कोण वाचतो?

जुनी_पाटी:
जाणारच असाल तर क्रम उलटा करा. आधी फ्रीडरिशश्ट्रासे स्टेशनजवळचा ट्रॅनेनपालास्ट, पूर्वेतून पश्चिमेला जाणाऱ्यांसाठी 1962 मध्ये बांधलेली इमारत. तोही फुकट. पासपोर्ट तपासणीची मूळ अरुंद खोकी अजून आहेत. एकात उभं राहून बघा. तिथून चालत वीसेक मिनिटांवर डीडीआर म्युझियम. सोमवार असेल तर हा बेत फसतो, कारण ट्रॅनेनपालास्ट आणि कुल्टूरब्राउएराय दोन्ही बंद, उघडं ते फक्त तिकीटवालं.

तिखटमीठ:
म्हणजे सोमवारी जत्राच.