दिलजमाई, तह की समेट?

कोरा कागद: अमेरिका-लिबिया संबंधांवरच्या एका लेखाचा अनुवाद करतोय, काळ २००३ ते २००६. वैर मिटवून संबंध सुधारण्याच्या त्या सगळ्या प्रकाराला एकच शब्द हवाय. 'दिलजमाई' चालेल का?

शेवंती: नको हो! दिलजमाई भावाभावांत होते, नाहीतर निवडणुकीच्या तोंडावर एकाच पक्षातल्या दोन गटांत. इथे मामला काय होता? १९८८ साली स्कॉटलंडमधल्या लॉकरबी गावावर अमेरिकेचं प्रवासी विमान बॉम्बने उडवलं, २७० माणसं गेली. २००३ च्या ऑगस्टमध्ये लिबियाने सुरक्षा परिषदेला पत्र दिलं, तेही मोजून मापून. आमच्या अधिकाऱ्यांच्या कृत्यांची जबाबदारी घेतो, एवढंच. बॉम्ब आम्ही ठेवला, हे कुठेच नाही. भरपाई ठरली ती प्रत्येक कुटुंबाला एक कोटी डॉलरपर्यंत, पण हप्त्यांनी: संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध उठले की ४० लाख, अमेरिकेचे उठले की आणखी ४० लाख, दहशतवादाच्या पुरस्कर्त्या देशांच्या यादीतून नाव निघालं की उरलेले २० लाख. पुढच्या फेब्रुवारीत त्यांचे पंतप्रधान शुक्री घानेम बीबीसीवर बोलून गेले की आम्ही शांतता विकत घेतली. मग सारवासारव! यात दिल कुठे आलं?

बखरवाला: 'तह' घ्या. १९८६ ला अमेरिकेने त्रिपोली-बेनगाझीवर बॉम्ब टाकले होते, म्हणजे लढाईही झालेली. पुरंदरच्या तहात २३ किल्ले गेले, इथे लिबियाचा सत्ताधीश गद्दाफीने महासंहारक शस्त्रांचा कार्यक्रम सोडला.

शेवंती: बखरवाले, तहाला कलमं लागतात. शस्त्रांचं तर लिबियाने १९ डिसेंबर २००३ ला स्वतःच जाहीर केलं. आधी गुप्त वाटाघाटी झाल्या होत्या हे खरं, पण म्हणून तह होत नाही. मी 'समेट' म्हणेन. समेटात मनं जुळावी लागत नाहीत, भांडण थांबलं की पुरे.

बखरवाला: बरं, समेट. 'सौदा' जास्त खरा आहे, पण तो शब्द आला की लेखकाचं मत आलं.

कोरा कागद: समेटच घेतो. अजून एक. १५ मे २००६ ला अमेरिकेच्या तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री कोंडोलिझा राइस यांनी पूर्ण संबंधांची घोषणा केली. तिथे 'डिप्लोमॅटिक'साठी 'राजनैतिक' की 'राजनयिक'?

शेवंती: 'राजनैतिक'. हिंदीत त्याचा अर्थ राजकीय होतो, पण तुमचा वाचक मराठी आहे. आणि 'संबंध पूर्ववत झाले' तेवढं लिहू नका. पूर्वी लिबियात राजा होता आणि अमेरिकेचा हवाई तळही!