चार बटणं दाबली, पण आपला नगरसेवक कोण?

कोथरूडकर
परवा इथेच एकाने लिहिलं की महापालिकेला चार सदस्यांचा प्रभागच बरा, एकाचा वॉर्ड म्हणजे गल्लीतल्या दादाला जहागिरी, मतदाराने चिन्ह बघावं आणि मोकळं व्हावं. वाचून डोकं तापलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

पुण्यात 2002 ला तीनचा प्रभाग, 2007 ला एकाचा वॉर्ड, 2012 ला दोनचा, 2017 ला चारचा. मधे महाविकास आघाडी सरकारने तीनचा ठरवला, तो कागदावरच राहिला आणि 2026 ला पुन्हा चार. यातला एक तरी बदल लोकांच्या सोयीसाठी झाला, असं कोणी छातीवर हात ठेवून सांगावं! ज्याचं चिन्ह जोरात, त्याला प्रभाग मोठा हवा. पाऊण लाखाच्या वर वस्ती झाली की अपक्ष दारोदार पोचूच शकत नाही. आणि प्रभागातल्या अ, ब, क, ड या चार जागांची मिळून एवढी नावं कोणाच्या लक्षात राहतात? माणूस एक चिन्ह धरतो आणि तेच चारदा दाबतो.

आमच्या सोसायटीसमोरचं ड्रेनेजचं चेंबर पावसाळाभर तुंबलेलं होतं. एका माननीय नगरसेवकांना फोन केला तर तो पट्टा दुसऱ्यांकडे. दुसऱ्या म्हणाल्या, तिथे निधी तिसऱ्यांनी टाकलाय. तिसऱ्यांचा पीए फोनच उचलत नाही. मी पुढच्या वेळी पाडू कोणाला?

पेठेतला
चेंबर तुंबलं म्हणून पद्धत वाईट? एकाचा वॉर्ड आम्ही भोगलाय. वॉर्ड छोटा, त्यामुळे बूथवार आकडे आले की कुठल्या गल्लीने कोणाला मत दिलं ते दुसऱ्या दिवशी उघडं. आमच्या वाड्याने विरोधात मत दिलं, तर पुढे पाण्याच्या लाइनचं काम दर वेळी आमच्या कोपऱ्यापर्यंत येऊन थांबायचं. तेव्हा लोक माणूस बघून मत देत नव्हते, माणसाला घाबरून देत होते. मोठ्या प्रभागात निदान ती भीती नाही.

आणि लोक डोळे मिटून चारदा एकच चिन्ह दाबतात हेही खोटं. 2017 ला पुण्यात काही प्रभागांत दोन इकडचे, दोन तिकडचे निवडून आले. मतदाराला इतकं बावळट समजू नका.

एक माजी उमेदवार
दादा, दोघेही एक गोष्ट विसरताय. निम्म्या जागा बायकांच्या आहेत. एकाच्या वॉर्डात महिला आरक्षण पडलं की तिकीट नेत्याच्या बायकोला, हे ठरलेलं. चारच्या प्रभागात आमचे नेते स्वतः 'ड'मधून उभे राहिले, म्हणून 'ब'ची जागा माझ्यासारख्या कार्यकर्तीला मिळाली. मी वस्त्यांमधून बचत गटाचं काम करत आले होते.

हो, मतं त्यांच्या नावाला पडत होती. फ्लेक्सवर माझा फोटो सगळ्यात लहान होता. तरी तिकीट मिळालं, घराणं नसताना मिळालं.

दादरवाला
मग मुंबईत 227 वॉर्ड आणि प्रत्येकी एकच नगरसेवक कसा चालतो? तिथे बायका उभ्या राहत नाहीत का? मुंबईला एक न्याय आणि पुण्या-नाशकाला दुसरा, याचं उत्तर कोणीच देत नाही.

वकील, नागपूर
हा वाद जुनाच आहे. लोकसभेलाही काही ठिकाणी दोन सदस्यांचे मतदारसंघ होते, एक जागा राखीव, एक सर्वसाधारण, आणि मतदाराला दोन मतं. 1952 ला उत्तर मुंबईत बाबासाहेब राखीव जागेवर आणि समाजवादी नेते अशोक मेहता सर्वसाधारण जागेवर, दोघेही पडले. 1957 ला आंध्रातल्या पार्वतीपुरममध्ये, पुढे राष्ट्रपती झालेले व्ही. व्ही. गिरी हरले, कारण राखीव जागा भरल्यावर उरलेली जागाही जास्त मतं घेणाऱ्या अनुसूचित जमातीच्या दुसऱ्या उमेदवाराला गेली. शेवटी 1961 ला कायदा करून ती पद्धतच मोडीत काढली. जे संसदेने टाकून दिलं ते आपण महापालिकेत कवटाळून बसलोय.

पेठेतला
बाबासाहेबांचा पराभव तुमच्या प्रभागाच्या भांडणात कशाला ओढता? ते काँग्रेसच्या लाटेत पडले, पद्धतीमुळे नाही.

भंडाऱ्याचा
ओढायलाच हवा! 1952 ला हजारो मतं बाद झाली, त्यावर बाबासाहेबांनी आणि अशोक मेहतांनी निवडणूक अर्ज केला होता. उगाच केला होता का? आणि 1954 ची आमची भंडाऱ्याची दोन जागांची पोटनिवडणूक आठवा. जुनी माणसं आजही सांगतात, कार्यकर्ते म्हणत होते की आपलं एक मत बाबासाहेबांना द्यायचं आणि दुसरं कुजवायचं, म्हणजे कोणाच्याच कामी येऊ द्यायचं नाही, की जागा निघते. बाबासाहेबांनी साफ नकार दिला, मत वाया घालवा असं मी सांगणार नाही म्हणाले. ते पडले आणि अशोक मेहता निवडून आले. मतदाराच्या हातात दोन मतं दिली की हिशेबाचं राजकारण सुरू होतं, लाट असो वा नसो.

पेठेतला
ठीक आहे, भंडाऱ्याचं मान्य. पण तेव्हा दुसरं मत कुजवता यायचं. आता चारही मतं दिल्याशिवाय मशीनचा बीपच वाजत नाही, नाहीतर नोटा (यापैकी कोणीही नाही) दाबा. मग तो डाव उरतो कुठे?

कोथरूडकर
तोच तर जुलूम! माझी आई सत्तरीपुढची. पांढरी, गुलाबी पत्रिका झाली, तिला वाटलं झालं मतदान. बाहेर पडायला लागली तर कर्मचारी ओरडला, "आजी, अजून दोन राहिली." मागे रांग. तिने घाईघाईत पिवळ्या आणि निळ्या पत्रिकेवर हात जाईल तिथे बटण दाबलं. घरी येऊन मला विचारते, "मी कोणाला दिलं रे?" यात मतदाराचं स्वातंत्र्य कुठे दिसतं, पेठेतल्या साहेबांनी सांगावं.

पेठेतला
आजींबद्दल वाईट वाटलं, मनापासून. पण त्यासाठी मशीनचं प्रात्यक्षिक सोसायट्यांमधून दाखवा. आमच्या वाड्याला पुन्हा एका माणसाच्या दावणीला बांधू नका.

कोथरूडकर
बाईंचा मुद्दा मात्र मला खोडता येत नाही, हे लिहून ठेवतो. घराण्याबाहेरची बाई प्रभागामुळे आत येत असेल तर ती जमेची बाजू. मग निदान एवढं तरी करा: निवडून आल्यावर चौघांनी प्रभाग आपसात वाटून घ्यावा आणि कुठला भाग कोणाचा ते क्षेत्रीय कार्यालयात लेखी लावावं.

एक माजी उमेदवार
दादा, तशी वाटणी तोंडी होतेच. लेखी कोणी देणार नाही, कारण चौघांनाही सगळा प्रभाग आपलाच हवा असतो. कामाचं उद्घाटन असलं की चौघंही हजर.