गावच्या पंक बँडचं विकिपीडियावर पान होते का? कागदपत्रं कोणती लागतात?

सेतूवाला_दारव्हा
नमस्कार राजेहो. बस स्टँडजवळ माझं ऑनलाइन कामाचं दुकान आहे. पीकविमा, सातबारा, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्ती, सगळं भरून देतो. त्यामुळं इंटरनेटवरचं कोणतंही काम याच टेबलावर होते असा गावाचा समज. परवा चार पोट्टे आले अन् म्हणे, "भाऊ, आमचं विकिपीडिया काढून द्या."

हे पोट्टे पंक वाजवतात, म्हणजे लहान, झपाट्याचं, आरडाओरड्याचं रॉक संगीत. नाव टाकत नाही, नाहीतर जाहिरात करून रायला म्हणाल. सोयाबीनच्या पोत्यांची थप्पी असते त्या टिनाच्या शेडात त्यायची प्रॅक्टिस चालते. एक गाणं सव्वा मिनिटाचं आहे. ड्रमवाला चार ठोके देते, सगळे मिळून ओरडतात "४८९२!" मग गाणारा एकटाच, एकदम सावकाश, त्या दिवशी बाजार समितीत व्यापाऱ्यानं काय भाव लावला तो सांगते. पुन्हा "४८९२!" संपलं गाणं. (ज्यायच्या घरी शेती नाही त्यायच्यासाठी: २०२४-२५ चा सोयाबीनचा हमीभाव, क्विंटलमागं.) खालचा आकडा दर कार्यक्रमाले बदलते, वरचा तोच. मले संगीतातलं काही कळत नाही, पण दुर्गादेवीच्या मंडपात हे वाजलं तवा मागं बसलेले म्हातारे खुर्च्या उचलून पुढं आले.

जवळ आहे ते असं: एका दैनिकाच्या तालुका पानावर फोटोसकट बातमी, यूट्यूबवर गाणी, युवा महोत्सवात उत्तेजनार्थ बक्षीस, अन् सरपंचाचं पत्र. फोनवर एक जण पंचवीस हजारात "गॅरंटीनं पान" म्हणून रायला. काय करावं?

धूळपाटी_अमरावती
पंचवीस हजारवाल्याचा नंबर आधी ब्लॉक करा. पैसे घेऊन ते जाहीर न करता संपादन करणं विकिपीडियाच्या वापराच्या अटींतच बसत नाही. पान टिकण्याची गॅरंटी तर खुद्द प्रचालकही (पानं काढून टाकायचे अधिकार असलेले संपादक) देऊ शकत नाहीत. पान उडालं की हाच माणूस "परत आणून देतो" म्हणून आणखी दहा मागतो.

आता तुमची फाइल बघू. तुमच्याच भाषेत सांगतो: इथं स्वयंघोषणापत्र चालत नाही. बँडबद्दल बँडशी काही देणंघेणं नसलेल्या माणसांनी, विश्वासार्ह ठिकाणी, सविस्तर लिहिलेलं पाहिजे, आणि तेही एकापेक्षा जास्त ठिकाणी. सरपंचाचं पत्र बाद. यूट्यूब चॅनल त्यांचाच, म्हणून तोही बाद. उत्तेजनार्थ बक्षिसाचं कौतुक आहे, पण निकष मोठ्या स्पर्धेचा आहे. राहिली बातमी. खरं सांगा, ती बातमीदारानं लिहिली की पोरांनी व्हॉट्सअॅपवर पाठवलेला मजकूर जसाच्या तसा छापला?

इंग्रजी विकिपीडियावर बँडसाठी आणखी वाटा आहेत: देशपातळीच्या लोकप्रियता यादीत गाणं येणं, मोठ्या किंवा नावाजलेल्या लेबलकडून (रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीकडून) दोन अल्बम, देशभराच्या दौऱ्याची दखल, नाहीतर एखाद्या गावाच्या किंवा शैलीच्या संगीताचा ठळक प्रतिनिधी असणं. या शेवटच्या वाटेनं बहुतेक जण घुसायला बघतात. "विदर्भातला एकमेव पंक बँड" असं लिहाल, तर पहिलाच प्रश्न येईल: हे कोण म्हणतं?

महत्त्व कुठंच दिसत नसेल तर इंग्रजीत बँडचं पान चर्चा न करताही काढतात. चर्चेला लागलं तर ती साधारण सात दिवस चालते. मसुदा म्हणून ठेवलं आणि सहा महिने कोणी हात लावला नाही, तर तेही जातं. मराठीत संपादक कमी, म्हणून असं पान वर्षभर कोणाच्या नजरेत येणारही नाही. पण नजरेत न येणं म्हणजे मंजुरी नव्हे. मराठी विकिपीडियाच्या चावडीवर, म्हणजे संपादकांच्या चर्चेच्या पानावर, असे वाद मी भरपूर पाहिलेत.

सेतूवाला_दारव्हा
बातमी पोरायनंच पाठवली होती. "युवकांचा अनोखा उपक्रम" हे शीर्षकबी त्यायचंच.

कॅसेटवाला_नागपूर
धूळपाटी बरोबर बोलतात, पण जरा कोरडं बोलतात. गावाकडे वार्ताहर असतो, संगीतावर लिहिणारा नसतो. मग "दुसऱ्यानं लिहिलेलं आणा" ही अट पुण्यामुंबईच्या पोरांना सोपी आणि दारव्ह्याच्या पोरांना डोंगर. हा तिढा नियमानं सुटत नाही, हे मान्य करू या.

तरी पंकवाल्यांनी पानासाठी थांबावं हे मला पटत नाही. मँचेस्टरच्या बझकॉक्स या पंक बँडनं १९७७ च्या जानेवारीत उसन्या पैशांवर, स्वतःच्याच लेबलवर, पहिली हजार प्रतींची रेकॉर्ड काढली. त्याच्या आदल्या वर्षी लंडनमध्ये 'स्निफिन ग्लू' नावाचं पंकवरचं हौशी मासिक निघालं होतं. घरच्या टाइपरायटरवर टाइप करायचं, मथळे हातानं लिहायचे आणि झेरॉक्स काढून वाटायचं. त्या पानांचे आज संगीताच्या इतिहासात दाखले देतात. झेरॉक्स मशीन तर तुमच्या दुकानातच आहे ना भाऊ! गाण्याचे शब्द, कुठं वाजवलं, त्या दिवशी भाव काय होता, सगळं छापा.

बोंडअळी_९९
वरातीले येतात का हे? 😄

धूळपाटी_अमरावती
अंक जरूर काढा. फक्त पोरांनी स्वतःवर काढलेला अंक पानाला स्वतंत्र आधार म्हणून चालणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो. दुसऱ्या गावच्या कोणी यांच्यावर लिहिलं तर वेगळी गोष्ट.

झाडीवाला_वडसा
आमच्याकडचं, म्हणजे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीचं सांगतो. दिवाळी झाली की वडशातून नाटक कंपन्या निघतात, शंकरपट (बैलांची शर्यत) असेल त्या गावी रातभर नाटक. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांच्याबद्दल लिहायला आधार भरपूर. झाडीपट्टी रंगभूमीवर पुस्तकं आली, प्रबंध झाले, म्हणून रंगभूमीवर लिहिता येते. पण एकेका नाटक मंडळाचं वेगळं पान करायला घेतलं की आधार म्हणून हाती फक्त पोस्टर राहते. ज्यांच्या तिकिटाले रांग लागते त्यांची ही गत, तर पोट्ट्यांनी मनाले लावून घेऊ नये. आम्ही पोस्टरं अन् फोटो जमा करून ठेवून रायलो. उद्या कोणी अभ्यास करायला आला तर त्याले काहीतरी सापडलं पाहिजे.

सेतूवाला_दारव्हा
पटलं. पान नाही काढत. पण दुर्गादेवीच्या कार्यक्रमाचा एक फोटो झकास आहे. तो विकिमीडिया कॉमन्सवर, विकिपीडियाच्या त्या फोटोंच्या साठ्यात, टाकता येते का? तिथंबी सरपंचाचं पत्र नको ना?

धूळपाटी_अमरावती
पत्र नको. 😀 कॉमन्सला बँड प्रसिद्ध असण्याची अट नाही. फोटो ज्ञानाच्या कामाचा हवा आणि मुक्त परवान्यानं, म्हणजे कोणालाही वापरायची मुभा देऊन, दिलेला हवा. गावच्या मंडपात पंक वाजतंय, हे दिसत असेल तर कामाचा आहे. फोटो कोणी काढला?

सेतूवाला_दारव्हा
लग्नाचे फोटो काढते त्या पोट्ट्यानं.

धूळपाटी_अमरावती
पैसे देऊन काढून घेतला होता का? तसं असेल तर आपल्या कायद्यात, वेगळा करार नसला तर, हक्क पैसे देणाऱ्याचा. तरी कॉमन्सवाले लेखी संमती मागू शकतात.

सेतूवाला_दारव्हा
पैसे कुठचे! चहा अन् आलुबोंडा.

धूळपाटी_अमरावती
मग फोटो त्याचा. त्यालाच दुकानात बोलवा, त्याच्याच नावानं खातं उघडून द्या आणि त्याच्याच हातानं चढवा. तुमच्या खात्यावरून नको.