पाळी बदलतानाचा निरोप
कारखान्यात पाळी बदलताना पुढच्या पाळीला निरोप तोंडी द्यावा की लेखी, या प्रश्नावर थोडी भर घालतो. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) मी बरीच वर्षे काढली. ओतताना लोखंड साधारण १४०० अंश सेल्सिअसला असते, त्यामुळे तिथे ‘भट्टीकडं जरा बघून घ्या’ हा निरोप कितीही सौजन्याचा वाटला तरी निरुपयोगीच ठरतो. भट्टीचे अस्तर कोणत्या बाजूने झिजले आहे, शेवटची हीट (एका वेळी वितळवलेला धातू) किती वाजता ओतली आणि देखभाल विभागात कोणाला कळवले, एवढे वहीत लिहून खाली सही करावी आणि पुढच्या पाळीच्या सुपरवायझरला ते आपल्यासमोर वाचायला लावावे. कोल्हापुरी रांगड्या बोलण्याचे मला वावडे नाही (माझेही ते सुटलेले नाही), मात्र चूक दाखवायची ती माणसाला बाजूला घेऊन, हेल्परांच्या देखत नव्हे.