मदत हवी आहे: सीसीआरसी, टाइप ए की टाइप सी?

मुक्कामपोस्ट_एडिसन:
मंडळी, तातडीने सल्ला हवाय. पेनसिल्व्हेनियातल्या एका सीसीआरसीत (स्वतंत्र घरापासून नर्सिंगपर्यंत सगळं एकाच आवारात देणारी ज्येष्ठांची वसाहत) नंबर लागलाय. शुक्रवारपर्यंत कळवायचंय, टाइप ए (पुढे नर्सिंग लागलं तरी महिन्याचं बिल साधारण तेच) की सी (नर्सिंग लागेल तेव्हा बाजारभावाने). एची एंट्रन्स फी बरीच जास्त आहे. कोणता घ्यावा? गुगल करून झालंय, लिंका नकोत.

काटकसर:
डोळे मिटून सी. वाचलेले पैसे इंडेक्स फंडात. ए म्हणजे आगाऊ हप्ता भरलेला विमा.

धाकटी_वहिनी:
डोळे मिटून कसं? वयं काय, दोघं की एकटं, लाँग टर्म केअर विमा (दीर्घकाळच्या देखभालीचा खर्च देणारा) आहे का? माझ्या सासूबाई एमध्ये होत्या. नर्सिंगमध्ये हलवल्यावरही दरवर्षीची वाढ सोडली तर महिन्याचं बिल तेच. सीमध्ये बाजारभावाने मोजावे लागले असते.

काटकसर:
एका सासूबाईंवरून नियम ठरत नाही, वहिनी.

परतीचा_पाऊस:
सरळ पुण्याला या. तेवढ्या पैशात दोन मावशी ठेवाल.

मुक्कामपोस्ट_एडिसन:
पुण्याचं विचारलेलं नाही. नर्सिंगचं मेडिकेअर (सरकारचा ज्येष्ठांसाठीचा आरोग्य विमा) देतंच ना?

धाकटी_वहिनी:
नाही हो! आधी हॉस्पिटलात तीन दिवस ॲडमिट, मग स्किल्ड नर्सिंगचे (प्रशिक्षित नर्स, थेरपिस्टची गरज असलेल्या उपचारांचे) जास्तीत जास्त १०० दिवस. त्यातले पहिले २० पूर्ण, पुढे रोजचा हिस्सा तुमचा. नुसतं अंघोळीला, भरवायला माणूस लागला तर काही नाही.

चहाबाज:
जेवण बघितलंत का? आमच्या काकांकडे शाकाहारी म्हणजे पास्ता नि उकडलेली ब्रोकोली. खोलीत फोडणी दिली की अलार्म बोंबलतो.

मुक्कामपोस्ट_एडिसन:
मी ७१, हे ७६. विमा नाही. यांना गेल्या वर्षी पार्किन्सन्स निघालाय, पण गोळ्यांवर छान आहेत.

धाकटी_वहिनी:
अहो, हे पहिल्या ओळीत नको का! एला मेडिकल तपासणी असते. त्यांना ए मिळतंय का तेच आधी विचारा. नाही म्हणाले तर तुम्हाला ए नि त्यांना सी असं देतात का बघा.

काटकसर:
मग मिळालं तर एच घ्या, माझी हरकत नाही. पण एंट्रन्स फीच्या ‘९० टक्के रिफंड’ची अट करारात असेल तर ती वाचा. बऱ्याच ठिकाणी तुमची जागा दुसऱ्याने घेतल्यावरच पैसे सुटतात. शिवाय एमधल्या फीचा काही भाग टॅक्सला मेडिकल खर्चात धरता येतो, उत्पन्नाच्या ७.५ टक्क्यांवर जाईल तेवढा. सीपीएला (तुमच्या टॅक्सवाल्या अकाउंटंटला) विचारा.

परतीचा_पाऊस:
ग्रीनकार्डवर आलेल्या आईवडिलांना मेडिकेअर विकत घ्यायलाही पाच वर्षं थांबावं लागतं, ध्यानात असू द्या.

मुक्कामपोस्ट_एडिसन:
आम्ही सिटिझन आहोत, नि आईवडील आता नाहीत. हे म्हणताहेत, पार्किन्सन्सचं फॉर्मवर लिहायलाच हवं का?

धाकटी_वहिनी:
लिहा. लपवलेलं नंतर सापडलं तर करार मोडणं सीसीआरसीवाल्यांच्या हातात जातं.

चहाबाज:
आणि अलार्मचंही विचारून घ्या.